खण, खोली आणि चौरस फूट

घराची चौकशी करताना माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, यावरून त्या काळाची बरीच ओळख पटते. पुण्याच्या पेठांत एके काळी विचारीत, "किती खणी घर?" पुढे भाडेकरूंचा जमाना आला, तेव्हा प्रश्न झाला, "किती खोल्या?" मग फ्लॅट आले आणि लोक विचारू लागले, "किती बीएचके?" आणि आज कुणी घर घेतल्याची बातमी सांगितली, की पेढा तोंडात टाकायच्या आतच पुढचा माणूस विचारतो, "चौरस फुटाला काय भाव पडला?"

पहिला प्रश्न बांधणीचा आहे, दुसरा आणि तिसरा सोयीचा आहे, चौथा बाजाराचा आहे. दोनअडीचशे वर्षांतला हा प्रवास आहे. आज आपल्याला या मापांच्याच वाटेने जायचे आहे. जुन्या वाड्यांचे आकर्षण आणि हल्लीची घरखरेदी हे दोन विषय वरवर निराळे दिसतात. पण ते एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी नांदत असतात. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचे पैसे भरून आलेला गृहस्थ रविवारी पाहुण्यांना घेऊन विश्रामबागवाडा दाखवायला जातो, तिथल्या कोरीव सुरूदार खांबांवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "काय घरं होती हो!" हा ढोंगीपणा नव्हे. त्याला फ्लॅटही हवा आहे आणि वाड्यातले काहीतरीही हवे आहे. ते 'काहीतरी' नेमके काय, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते सांगता आले तर आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करताना ते मागताही येईल. म्हणून हा सारा खटाटोप.

आता खण म्हणजे काय ते पाहू. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. साधारण पाचसहा फुटांचा. लाकडाची तुळई आधाराशिवाय किती लांब टाकली तर वरच्या भाराने वाकणार नाही, या हिशेबातून हे माप आले. सुताराच्या अनुभवातून आलेले हे माप पुढे साऱ्या घराचे माप झाले. पाच खणी दिवाणखाना, तीन खणी माजघर, दोन खणी कोठीची खोली. खांब उभा राही तो तळखड्यावर, म्हणजे घडीव दगडाच्या बैठकीवर. हेतू हा, की जमिनीची ओल लाकडाला लागू नये. खांबावर तुळई, तुळईवर ओळीने कड्या, कड्यांवर पाट, आणि त्यावर मातीचा जाड थर. यालाच आपण कडीपाट म्हणतो. घराचा पुष्कळसा भार हा लाकडी सांगाडा पेलीत असे. आतल्या कितीतरी भिंती नुसत्या आडोशाला असत. दगडी जोते, सागवानी सांगाडा, विटांच्या भिंती आणि वर कौले किंवा माळवद, अशी ही चौकट.

या चौकटीचे बळ आणि तिची दुबळी बाजू दोन्ही एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर शनिवारवाड्यात जावे. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. १८२८ साली आग लागली, आणि मजल्यांवर मजले चढवलेले ते सगळे लाकूडकाम गेले. आज तट उभा आहे, दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना उभा आहे, आत जोती आहेत, कारंज्यांचे हौद आहेत. घर मात्र नाही. दगड राहिला, लाकूड गेले. वाडा म्हणजे मुख्यतः लाकूड, हे तिथे जितके स्पष्ट समजते तितके पुस्तकातून समजत नाही.

वाड्यात शिरताच उन्हाळ्यातही गार वाटते, असा सर्वांचा अनुभव आहे. त्यात जादू काही नाही. बाहेरची भिंत दीडदोन फूट जाडीची असते. दुपारचे ऊन तिच्यावर पडले तरी ती उष्णता आतल्या अंगाला पोचायला कित्येक तास लागतात. तोवर संध्याकाळ झालेली असते आणि बाहेरची हवा थंडावू लागलेली असते. दुसरी गोष्ट चौकाची. रात्री आकाश निरभ्र असले, की चौकातली फरसबंदी आणि भोवतीची छपरे आपली उष्णता वर सोडतात. थंड हवा जड असते. ती चौकात उतरते आणि ओसरीवरून खोल्यांत शिरते. दिवसा खोल्यांतली तापलेली हवा वर सरकते आणि चौकाच्या वाटेने निघून जाते. तिसरी गोष्ट ओसरीची. तिच्या उतरत्या छपरामुळे ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतीपासून दूर राहतात. विजेच्या पंख्याशिवाय ज्यांना वैशाख काढायचा होता, त्यांनी बसवलेले हे गणित आहे.

चौथी गोष्ट चुन्याची, आणि ती आजच्या लोकांना ठाऊक असणे फार जरूर आहे. भट्टीत भाजलेला चुना पाण्यात भिजवायचा, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचा आणि मग वापरायचा. हा चुना हवेतला वायू शोषून सावकाश दगडासारखा होतो. पण दगड होऊनही तो सच्छिद्र राहतो. भिंतीत शिरलेली ओल त्यातून हळूहळू बाहेर पडते. आता होते काय, जुन्या भिंतीचा गिलावा सुटला, की मालक गवंड्याला सांगतो, "चांगला सिमेंटचा गिलावा कर, पुन्हा बघायला नको." सिमेंट ओलीची वाट बंद करते. जमिनीतून चढलेले पाणी विटांत कोंडते, क्षार फुलतात, आणि दोनचार पावसाळ्यांत तो पक्का गिलावा विटांचा थर घेऊनच खाली येतो. मग आपण म्हणतो, "जुनं घर, व्हायचंच!" घर जुने होते हे खरे, पण औषध चुकीचे दिले होते.

इतके गुण सांगितल्यावर आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे भाषण म्हणजे जुन्या काळची आरती होईल. वाड्याच्या आठवणी लिहिल्या त्या बहुधा दिवाणखान्यात आणि ओसरीवर बसलेल्यांनी. माजघरात दिवसाही दिवा लावावा लागे. स्वयंपाकघरात चुलीचा धूर कोंडे. कात्रजच्या तलावाचे पाणी पेशव्यांनी भुयारी नळाने शहरात आणले आणि काही वाड्यांच्या हौदांत ते खेळले; पण हौदातून स्वयंपाकघरापर्यंत ते नेणारे हात बायकांचेच होते. पुढे वाड्यांत बिऱ्हाडे वाढली, तेव्हा आठदहा कुटुंबांत एक नळ आणि दोन संडास अशी स्थिती आली. पहाटेच्या रांगेची आठवण कुणी मोठ्या प्रेमाने काढीत नाही. शिवाय कोणत्या वाड्याच्या दिंडीतून कोणी आत यायचे आणि कोणी बाहेरच थांबायचे, हेही ठरलेले होते. चौक मोकळा होता. पण सर्वांना मोकळा नव्हता.

आणि याच पेठांत, बुधवारातल्या भिडे वाड्यात, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या वाड्यात नाव घेण्याजोगे कोरीवकाम होते म्हणून त्याचे मोल नाही. तिथे जे घडले त्याचे मोल आहे. पण जागेवरून अनेक वर्षे न्यायालयात वाद चालला, तोवर वाडा पडत गेला, आणि अखेर २०२३ सालच्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल लागल्यावर, स्मारकासाठी तो उतरवावा लागला. जुन्या घराला वेळेवर हात लावला नाही, तर पुढे घर राखायचे उरत नाही, त्याच्या जागेवर स्मारक बांधायचे उरते.

मग हे वाडे गेले कसे? आगीने काही गेले. १८७९ साली बुधवारवाडा जळाला आणि त्याच वर्षी विश्रामबागवाड्याचाही काही भाग आगीत सापडला. पाण्याने काही गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत घुसले. मातीत बांधलेली भिंत काही तास पाण्यात उभी राहिली, की विटांमधली माती विरघळते आणि भिंत बसते. पुरानंतर हजारो कुटुंबांना निराळ्या जागी हलावे लागले. गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उठल्या. पेठ सोडून राहता येते, हे पुणेकराला त्या संकटाने शिकवले.

पण आग आणि पाणी यांच्यापेक्षा जास्त वाडे दोन मुकाट गोष्टींनी खाल्ले. एक कायदा आणि दुसरी वाटणी.

१९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. महायुद्धानंतरची जागेची टंचाई भयंकर होती, घरमालक मनाला येईल ते भाडे मागत, तेव्हा कायदा आवश्यकच होता. भाड्याचा पाया धरला १ सप्टेंबर १९४० चा. गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहिले, हे त्या कायद्याचे पुण्य. पण टंचाईसाठी आणलेली व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. भाडे गोठले, कौले, लाकूड आणि सुताराची मजुरी मात्र गोठली नाही. मालक म्हणे, "महिन्याच्या भाड्यात एक कौलसुद्धा येत नाही, दुरुस्ती कुठून करू?" भाडेकरू म्हणे, "घर तुमचं, खर्च मी का करू?" दोघांचेही बोलणे खरे होते. दोघांच्या खरेपणात छप्पर मात्र गळत राहिले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, तो २००० सालच्या मार्चअखेर अमलात आला आणि त्याने दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ आकडाच इतका लहान, की त्याच्या चार टक्क्यांत तुळई बदलत नाही.

वाटणीचा हिशेब तर मी वर्गात मुलांकडून फळ्यावर करून घेतो. आजोबांचा एक वाडा. त्यांना चार मुले. प्रत्येकाला तीन अपत्ये. म्हणजे तिसऱ्या पिढीला बारा हिस्सेदार. त्यांतला एक अमेरिकेत, एक नागपुरात, दोघांचे आपसांत बोलणे नाही. त्या प्रत्येकाला पुन्हा दोन मुले धरली, तर चौथ्या पिढीत चोवीस सह्या. पूर्वी मुलींचा हक्क बाजूला ठेवून कागद सुटसुटीत करीत; तो अन्याय होता. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हे योग्यच झाले. पण त्यामुळे आता प्रत्येक सही खरोखर मिळवावी लागते. चौक सगळ्यांचा, म्हणून त्याची मोरी साफ करणारा कुणीच नाही, अशी वाड्याची गत होते. विकून पैसे वाटणे हाच एक मार्ग सगळ्यांना पटतो. पैशाचे चोवीस भाग होतात, चौकाचे होत नाहीत.

आता फ्लॅटकडे वळू. सहकारी घरांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहसंस्था काढली. १९६० साली महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा कायदा झाला, १९६३ साली मालकीच्या फ्लॅटांचा कायदा झाला, १९७० साली अपार्टमेंटचा कायदा झाला. म्हणजे हवेत अधांतरी असलेल्या खोल्यांची मालकी कागदावर कशी मांडायची, हा प्रश्न सुटला. पैशाचा प्रश्न उरला होता. तोवर नोकरदार माणूस निवृत्त होई, फंडाचे पैसे हातात येत, आणि मग तो घर बांधी. साठाव्या वर्षी वास्तुशांत! १९७७ साली एचडीएफसी ही केवळ घरासाठी कर्ज देणारी संस्था निघाली, पुढे बँकाही या व्यवहारात उतरल्या, आणि क्रम उलटा झाला. आता तिशीतली मुले आधी घर घेतात आणि मग वीस वर्षे त्याचे पैसे फेडतात.

हे चांगले की वाईट? एक हिशेब मांडतो. पन्नास लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे पंचेचाळीस हजार येतो आणि वीस वर्षांत एकूण भरणा एक कोटी आठ लाखांच्या घरात जातो. म्हणजे एका घराच्या पैशात एक घर आपण घेतो आणि आणखी एकाहून अधिक घराचे पैसे व्याजात देतो. तरी तरुणपणी स्वतःच्या छपराखाली राहायला मिळते, हा लाभ लहान नाही. फक्त एवढेच, की असा सौदा करणाऱ्याने आपण काय विकत घेतो आहोत ते डोळसपणे पाहिले पाहिजे.

इथे चौरस फुटाची गंमत येते. पुष्कळ वर्षे बिल्डर जिना, लिफ्ट, गच्चीचा वाटा, सगळे मिळवून 'सुपर बिल्टअप' नावाचे एक फुगलेले माप सांगत. एक हजार फुटांचे पैसे दिलेल्या माणसाला सतरंजी अंथरायला सातशे फूटच मिळाले, तरी तक्रार कुठे करावी हे कळत नसे. २०१६ सालच्या रेरा कायद्याने हे माप बांधले. आता चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतली वापरायची जमीन. आतल्या भिंती त्यात धरायच्या, बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची धरायची नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच इमारतीवर खर्च करायची. लेखी करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर तो बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा. २०१७ च्या मे महिन्यापासून महाराष्ट्रात याचे प्राधिकरण काम करते आहे. घर घेणाऱ्याने या चार गोष्टी तोंडपाठ ठेवाव्यात.

पण कायदा फूट मोजून देतो, वारा मोजून देत नाही. तो आपला आपण पाहायचा. वाड्याने शिकवलेले शहाणपण इथे उपयोगी पडते. फ्लॅट पाहायला जाल तेव्हा सकाळी नमुन्याच्या सदनिकेतले सोफे पाहून परत येऊ नका. एप्रिलमधल्या दुपारी तीन वाजता जा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. समोरासमोर खिडक्या आहेत का, की वारा एका दाराने येऊन तिथेच अडतो? खिडकीवर पावसाळी छज्जा पुरेसा बाहेर आला आहे का, की नुसती काच लावून वातानुकूलन यंत्राच्या भरवशावर सोडले आहे? जमिनीपासून जोते किती उंच आहे, पावसाचे पाणी कुठे जाते? आणि एक प्रश्न, जो कुणी विचारीत नाही: शेजारपाजारची माणसे सहज भेटतील अशी एखादी जागा या इमारतीत आहे का? वाड्यात ती ओसरी होती. तिथे म्हातारी माणसे बसत, मुले खेळत, आणि कुणाचा ताप उतरला, कुणाची नोकरी गेली, हे न विचारता कळे. नव्या इमारतीत तळमजला मोटारींना दिला आहे. तो निवडीचा प्रश्न आहे. पण निवड झाली आहे, हे निदान लक्षात तरी असावे.

हल्ली आणखी एक प्रवाह दिसतो. पाडलेल्या वाड्यांचे खांब, कोरीव चौकटी, पितळी कड्यांची दारे विकत घेऊन लोक ती बंगल्यात आणि हॉटेलांत लावतात. लाकूड वाचते हे बरेच आहे. पण ज्या खांबावर काहीच भार नाही, तो खांब म्हणजे शोभेची वस्तू. काही मंडळी मात्र त्याच्याही पुढे जाऊन जुने घरच विकत घेतात. त्यांनी थोडे सावध असावे. मिळकतपत्रिका पाहावी, तीस वर्षांचा दस्तऐवजांचा शोध घ्यावा, सगळ्या वारसांच्या सह्या मोजाव्यात. गोव्यात तर नवराबायकोच्या मिळकतीचा कायदाच निराळा आहे. तिथे विकणाऱ्याबरोबर त्याच्या जोडीदाराचीही संमती लागते. आत भाडेकरू आहेत का, महापालिकेच्या वारसा यादीत घर आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हे विचारावे. कारण श्रेणीप्रमाणे काय बदलता येते आणि काय नाही, ते ठरते. आणि मग एक अनुभवी सुतार आणि एक स्थापत्य अभियंता बरोबर न्यावा. अभियंता भिंतीची तपासणी करील. सुतार टोच्याने तुळईची टोके टोचून पाहील. तुळई मध्ये क्वचित कुजते, कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाशी, जिथे ओल असते आणि वारा नसतो.

आणि ज्यांचे वाडे आजही उभे आहेत त्यांना तीनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करा, पन्हळ आणि मोरी मोकळी ठेवा, वाळवीवर नजर ठेवा. ही तीन कामे दरसाल थोड्या पैशात होतात. दहा वर्षे टाळली तर कितीही पैशात होत नाहीत. धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागते ती एका पावसाने नव्हे, अनेक टाळलेल्या उन्हाळ्यांनी. पण ती लागली, तर मात्र भावनेच्या भरात राहू नका. मुलाबाळांच्या जिवापेक्षा कोणताही कोरीव खांब मोठा नाही.

सगळे वाडे राखता येणार नाहीत, आणि राखूही नयेत. जे राखण्याजोगे आहेत त्यांचा खर्च एकट्या मालकाच्या गळ्यात न घालता शहराने वाटून घ्यावा, हे न्यायाचे होईल; कारण पाहायला सारे शहर येते. आणि बाकीच्यांच्या जागी जी नवी घरे उठतील, ती घेताना आपण भाव जरूर विचारावा. मात्र त्याआधी घरात कोणकोण राहणार, त्यांना उजेड आणि वारा कुठून मिळणार, आणि दुपारी आजी कुठे बसणार, एवढे विचारून घ्यावे. याची उत्तरे मिळाली, की भावाचा प्रश्न आपोआप सोपा होतो.